दिवसा जुळणारा रंग दिवे लावल्यावर वेगळा का दिसतो

प्रश्न: नमस्कार ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही हॉलला हिरवट झाक असलेला फिकट राखाडी रंग दिला होता, मॅट फिनिशमध्ये. मागच्या महिन्यात एका भिंतीतला पाइप फुटला, भिंत फोडावी लागली, मग प्लास्टर आणि पुट्टी करून तेवढाच भाग रंगवायचं ठरलं. आधीच्या कंपनीच्या शेडकार्डात ती शेड आता नाहीये म्हणून दुसऱ्या ब्रँडच्या दुकानात गेलो. त्यांनी जुना शेड नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि 'सेम टू सेम' म्हणून चार लिटरचा डबा बनवून दिला. दिवसा पॅच फारसा कळत नाही, पण संध्याकाळी दिवे लावले की तेवढाच भाग गुलाबीसर दिसतो, आणि सोफ्यावरून तिरकं बघितलं तर चमकतो पण. पेंटर म्हणतो अजून एक कोट देतो. नवरा म्हणतो कुठे काय दिसतंय, तुझ्या मनाचे खेळ आहेत. दुकानदाराने फसवलं का? आणि आता अख्खा हॉल परत रंगवायचा का?

उत्तर: नमस्कार ताई. सगळ्यात आधी हे सांगते की हे मनाचे खेळ अजिबात नाहीत, तुम्हाला दिसतंय ते खरंच तिथे आहे. उलट तुम्ही इतकं नीट बघून लिहिलंय की अर्धं निदान तुमच्या पत्रातच झालंय. दिवसा कळत नाही आणि दिवे लावल्यावर गुलाबीसर दिसतं हा एक दोष, समोरून ठीक पण तिरकं बघितलं की चमकतं हा दुसरा. दोघांची कारणं वेगळी आहेत आणि दोन्ही त्या डब्यातूनच आलेत, त्यामुळे त्याच डब्यातला अजून एक हात मारून काहीही होणार नाहीये, पेंटरला आधी थांबवा. अख्खा हॉल रंगवायची गरज मला वाटत नाही. एक भिंत मात्र पूर्ण रंगवावी लागेल, आणि त्याआधी रंग नीट जुळवून घ्यावा लागेल.

दुकानदाराने फसवलं असंही मला वाटत नाही. होतं काय, आपण शेड नंबरलाच रंग समजतो. तो खरं तर एका ठरावीक ब्रँडच्या एका ठरावीक डब्यात काय काय किती टाकायचं याचा फॉर्म्युला असतो. टिंटिंग मशीनखाली जो डबा ठेवतात त्यात आधीपासून बेस भरलेला असतो, फिकट शेडसाठीच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढरं रंगद्रव्य भरपूर, गडद शेडच्या बेसमध्ये ते कमी, आणि एकदम भडक शेडच्या बेसमध्ये जवळजवळ नसतंच. मग मशीन वरून स्टेनर म्हणजे शेड आणणारी दाट रंगद्रव्यं सोडतं, काळा, पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, हिरवा, निळा, जांभळा वगैरे, मशीनमध्ये असे साधारण १२ ते १६ स्टेनर असतात. आता प्रत्येक कंपनीचा बेस वेगळा, त्याचा पांढरेपणा वेगळा, स्टेनर वेगळे आणि त्यांचा जोरही वेगळा, म्हणजे एका ब्रँडचा फॉर्म्युला तसाच्या तसा दुसऱ्याच्या बेसमध्ये ओतला तर भलताच रंग तयार होईल. म्हणून कंपन्या काय करतात, दुसऱ्या ब्रँडच्या शेड नंबरासमोर स्वतःच्या बेसमध्ये त्याच्या जवळ जाणारा फॉर्म्युला काढून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवतात. हा जवळ जाणारा फॉर्म्युला काढताना समोर असतो दुसऱ्या कंपनीचा नमुना, बऱ्याचदा नुसतं शेडकार्ड. तुमची भिंत त्यांनी बघितलेलीच नाहीये! दोन वर्षं ऊन खाल्लेली, धूळ बसलेली, पुसलेली, कुणाच्या तरी हाताने कुठल्या तरी फिनिशमध्ये रंगवलेली ती भिंत. दुकानदाराच्या दृष्टीने त्याने दिलेला रंग 'सेम' होताच, फक्त तो कशाशी सेम हे कुणी विचारलं नाही.

आता संध्याकाळचं. याला मेटामेरिझम म्हणतात, आणि ब्रँड बदलून रंग जुळवताना सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. भिंतीवर पडलेल्या प्रकाशातला काही भाग भिंत शोषून घेते आणि काही परत पाठवते, कुठल्या तरंगलांबीचा किती परत पाठवते हे आतल्या रंगद्रव्यांवर ठरतं. पण आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात, त्या या सगळ्या गुंतागुंतीच्या हिशोबाच्या फक्त तीन बेरजा मेंदूला कळवतात. त्यामुळे दोन वेगळ्या मिश्रणांचे रंग दिवसाच्या उजेडात अगदी एकसारख्या बेरजा देऊ शकतात, आणि उजेड बदलला की बेरजा बिघडतात. उजेड किती पिवळसर की निळसर हे केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा. दिवसाचा उजेड साधारण ६५०० केल्विनचा धरतात, घरातला पिवळसर एलईडी २७०० केल्विनच्या आसपासचा असतो, त्यात निळा भाग कमी आणि पिवळा-लाल भाग जास्त. समजा तुमच्या जुन्या रंगात काळा, पिवळा आणि थोडा हिरवा एवढंच असेल, आणि नवीन ब्रँडने आधी जोरदार हिरवा टाकून मग तो दाबायला लाल टाकला असेल, तर दिवसा दोन्ही राखाडीच दिसतील पण पिवळ्या दिव्यात तो लाल वर येईल. नेमका हाच फॉर्म्युला असेल असं नाही, पण प्रकार हाच. आणि राखाडी, बदामी, ऑफव्हाइट या शांत रंगांतच हे जास्त होतं, कारण ते बनवायचे मार्ग खूप असतात. कापडाला मॅचिंग कापड घेताना आपण ते दुकानाच्या बाहेर उजेडात नेऊन बघतो ना, तसंच हे, फक्त इथे उलटी चूक झाली, उजेडात बघितलं आणि दिव्यात बघायचं राहिलं.

चमक हा दुसरा विषय, आणि तो सोपा आहे. मॅट, सॅटिन, ग्लॉस हे शब्द सगळे ब्रँड वापरतात पण एकाचं मॅट आणि दुसऱ्याचं मॅट यांची चमक सारखी असेलच असं नाही, काही ठिकाणी तर धुता येणारं मॅट म्हणून जे मिळतं ते तिरक्या उजेडात बऱ्यापैकी लकाकतं. मॅट पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो म्हणून रंग जरा फिका आणि मऊ दिसतो, चमकदार पृष्ठभाग तो एकाच दिशेला फेकतो म्हणून एका कोनातून रंग गडद आणि दुसऱ्या कोनातून नुसती चकाकी. म्हणजे रंग शंभर टक्के जुळला तरी फिनिश जुळलं नसेल तर पॅच दिसणारच. अजून एक शंका मला येतेय, नवीन पुट्टीवर प्रायमर मारला होता का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. प्रायमर नसेल तर कोरडी पुट्टी रंगातला बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट भाग, शोषून घेते आणि तेवढा भाग मलूल किंवा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. तुमचा चमकतोय म्हणजे बहुतेक फिनिशचाच फरक असेल, तरी पेंटरला विचारून घ्या. आणि मूळ भिंत रोलरने केलेली असताना पॅच ब्रशने मारला असेल तर ब्रशच्या रेघा उजेड वेगळा पकडतात, तेही आहेच.

तुमच्या यजमानांबद्दल. ते खोटं बोलत नसतील हो. चमकेचा फरक एका विशिष्ट कोनातूनच दिसतो, ते बसतात तिथून तो कोन लागतच नसेल. एकदा त्यांना तुमच्या जागी बसवा, दिवे लावून, आणि मग विचारा. दुसरं म्हणजे हिरवट आणि गुलाबीसर यातला बारीक फरक सगळ्यांना सारखा दिसत नाही, लाल-हिरव्याचा फरक कमी कळणं हे पुरुषांमध्ये बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, आणि अनेकांना स्वतःला ते माहीतही नसतं. त्यांना तसं काही असेल असं मी म्हणत नाहीये, एवढंच की या एका गोष्टीवरून घरात वाद नको, आणि रंग पास करायचं काम ज्याला फरक दिसतो त्याने करावं.

बरं, आता काय करायचं. नवीन रंग बनवायला जायच्या आधी माळ्यावर, जिन्याखाली, बाल्कनीत, जिथे कुठे जुनं सामान टाकता तिथे दोन वर्षांपूर्वीचा डबा आहे का शोधा. आत रंग नसला तरी चालेल, मला झाकणावरचं लेबल हवंय. त्यावर प्रॉडक्टचं नाव, बेस, आणि कुठला स्टेनर किती टाकला ते छापलेलं असतं. ते मिळालं तर परत पहिल्याच ब्रँडच्या दुसऱ्या एखाद्या दुकानात जा, कारण शेडकार्डातून शेड काढली म्हणजे ती बनवता येत नाही असं नसतं, जुने फॉर्म्युले बहुतेकदा कॉम्प्युटरमध्ये असतात आणि नसले तरी लेबलवरचे आकडे हाताने टाकता येतात. तेच प्रॉडक्ट, तोच बेस, तेच फिनिश मिळालं तर मेटामेरिझमचा प्रश्न जवळजवळ मिटतोच, कारण रंगद्रव्यं तीच. फक्त मधल्या काळात कंपनीने बेस बदललेला नाही ना एवढं विचारा. मी सांगते, ब्रँड बदलून मॅचिंगच्या मागे लागण्यापेक्षा ही एक दुपार डबा शोधण्यात घालवलेली कधीही बरी.

डबा नाहीच मिळाला तर भिंतीचा नमुना लागेल. साधारण अडीच सेंटिमीटर चौरस तुकडा, सपाट, स्वच्छ. कमी दिसणाऱ्या कोपऱ्यात धारदार ब्लेडने चौकोन आखायचा आणि पुट्टीसकट हळूच उचलायचा, नुसता पोपडा काढायला गेलात तर तो चुरा होतो. बऱ्याच घरांत स्विचबोर्डच्या प्लेटमागून तुकडा काढतात, तसं करणार असाल तर मेन स्विच बंद करूनच. पण प्लेटमागचा किंवा फ्रेममागचा तुकडा घेताना एक विचार करा, तो भाग दोन वर्षं झाकलेला होता. तो मूळ रंग दाखवेल, आणि तुम्हाला जुळवायचंय आज डोळ्यांना दिसणाऱ्या भिंतीशी. उन्हाने इमल्शन फिकं पडतं. ऑइल पेंटचं अजून वेगळंच, ते अंधारात, कपाटामागे वगैरे जास्त पिवळं पडतं. म्हणून तुकडा उघड्या भिंतीवरचा, खिडकीपासून त्याच अंतरावरचा घ्या, ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसून पूर्ण वाळवून न्या. आणि घर फार जुनं असेल, खाली पूर्वीचे थरावर थर असतील, तर कोरडं घासत बसू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांसाठी खरंच वाईट.

आता दुकानात नुसता नंबर सांगायचा नाही, तुकडा द्यायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजायला सांगायचं. हे यंत्र स्वतःचा प्रकाश टाकून साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, म्हणजे डोळ्याला दिसणारा सगळा पट्टा थोड्याथोड्या अंतराने मोजतं, आपल्या डोळ्यासारख्या तीन बेरजा करून मोकळं होत नाही. एकाच ठिकाणी नाही, तुकडा फिरवून तीन-चार ठिकाणी मोजायला लावा आणि सरासरी घ्यायला सांगा, एखादा डाग किंवा रोलरचा खड्डा रीडिंग बिघडवतो. सॉफ्टवेअर फॉर्म्युला काढतं तेव्हा सोबत डेल्टा ई नावाचा आकडा दाखवतं, तो म्हणजे दोन रंगांमधलं अंतर. १ च्या आसपास किंवा खाली असेल तर बहुतेकांना फरक कळत नाही, २-३ ला गेला की शेजारी शेजारी ठेवल्यावर कळायला लागतो. पण ताई, इथे खरी मेख आहे, हा आकडा कुठल्या उजेडासाठी काढलाय ते विचारा. सहसा दिवसाच्या उजेडासाठी असतो, ज्याला डी६५ म्हणतात. काही सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्या बल्बसाठी, ज्याला इल्युमिनंट ए म्हणतात, आणि ट्यूबलाइटसाठी वेगवेगळे आकडे दिसतात, आणि एकाच रंगासाठी दोन-तीन फॉर्म्युल्यांचे पर्यायही दिसतात. तसं असेल तर दिवसा अगदी परफेक्ट पण बल्बखाली लांब जाणारा फॉर्म्युला नको, सगळ्या उजेडात थोडा थोडा जवळ राहणारा घ्या. तुमचा पॅच दिवसा बरा दिसतो म्हणजे पहिल्या प्रकारचाच फॉर्म्युला निघाला असणार.

फोनवर फोटो काढून त्यावरून शेड शोधायचे ॲप असतात, ते यासाठी नकोतच. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढरा कुठला हे स्वतःच ठरवतो, एकाच भिंतीचे दोन फोटो दोन रंगांचे येतात. शेडकार्डात कुठल्या पानावर बघायचं एवढं कळायला ठीक.

नवीन रंग थेट भिंतीवर लावायचा नाही. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी लोक लावतातच, आणि मीही एकदा लावलाय. बेडरूमची एक भिंत दोन डब्यांत करायची होती, दुसरा डबा दुसऱ्या ब्रँडचा, दुकानात झाकणावर बोटाने लावलेला ठिपका जुन्या तुकड्याशी तंतोतंत जुळत होता म्हणून घाईने सगळी भिंत मारून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मधोमध उभी रेघ दिसायला लागली. झालं होतं एवढंच की ठिपका ओला होता. ओलं इमल्शन जरा दुधाळ, फिकं दिसतं कारण त्यातले पॉलिमरचे कण वाळेपर्यंत प्रकाश विखुरत असतात, वाळलं की रंग गडद होतो. म्हणून ओला रंग कोरड्या भिंतीशी जुळला तर समजायचं की तो चुकलाय.

तर बोर्ड बनवा. पुठ्ठा किंवा पातळ प्लायचा तुकडा, ए३ कागदाएवढा तरी, त्यावर प्रायमर, मग रोलरने दोन कोट, अगदी कडेपर्यंत. कडेला पांढरी पट्टी ठेवायची नाही, ही गोष्ट क्षुल्लक वाटते पण शेजारचा रंग बघितलेला रंग बदलतो. शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये यावर अख्खा ग्रंथ लिहिला, तो गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम बघायचा, रंग खराब आहेत अशी तक्रार आली आणि त्याने शोधलं तर धाग्यांचे रंग ठीक होते, शेजारच्या धाग्यामुळे ते वेगळे भासत होते. तुमच्या भिंतीचंही तसंच, पांढऱ्या चौकटीतला राखाडी आणि राखाडीला चिकटलेला राखाडी हे डोळ्याला वेगळे लागतात. बोर्ड एक दिवस पूर्ण वाळू द्या आणि मग भिंतीला टेकवून, उभा, जुन्या रंगाला अगदी चिकटवून धरा. आडवा टेबलावर ठेवून बघू नका, वरून पडणारा उजेड वेगळा आणि भिंतीवर सरपटत येणारा वेगळा. सकाळी बघा, दुपारी बघा, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळी पडदे ओढून, रोज जे दिवे लावता तेच लावून, रोज जिथे बसता तिथून बघा. शेवटचा निकाल तिथेच लागणार.

पहिल्या फटक्यात जुळेलच असं नाही, आणि नाही जुळला तर परत दुकानात जाऊन "जरा डल वाटतोय" असं सांगू नका, त्याने समोरच्याला काहीच कळत नाही. तीनच प्रश्नांची उत्तरं घेऊन जा, भिंतीपेक्षा फिका की गडद, पिवळा की निळा, लाल की हिरवा. स्पेक्ट्रोफोटोमीटरचं सॉफ्टवेअरही याच तीन दिशांत विचार करतं, १९७६ पासून रंग मोजायची जी पद्धत जगभर वापरतात तिच्यात एल, ए, बी असे तीन आकडे असतात, एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे लाल-हिरवा, बी म्हणजे पिवळा-निळा. म्हणजे तुम्ही जाऊन सांगणार, उजळपणा ठीक आहे, पिवळेपणा ठीक आहे, पण दिव्याखाली लाल जास्त आहे. एवढ्यावर चांगला टिंटिंगवाला लाल कमी करून दुसरा फॉर्म्युला काढू शकतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि लक्षात घ्या की डब्यात स्टेनर टाकता येतो, काढता येत नाही, म्हणून शंका असेल तर फिक्या बाजूने सुरुवात करायची.

यात एक बारीक गोष्ट, टेस्टसाठी अगदी छोटा डबा बनवू नका. फिकट शेडमध्ये स्टेनर मुळातच थेंबभर असतो, आणि मशीन एका ठरावीक मापापेक्षा कमी सोडू शकत नाही, त्यामुळे छोट्या डब्यात तो थेंब थोडा जरी कमी-जास्त झाला तरी शेड हलते आणि मोठ्या डब्याशी जुळत नाही. एक लिटरचा बनवा, वाया जाणार नाही.

बोर्ड पास झाला की मग भिंत. पॅच नाही, भिंत. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, छतापासून खालपर्यंत. याचं कारण असं की कोपऱ्यात दोन भिंती वेगवेगळ्या दिशेला तोंड करून असतात, खिडकीचा उजेड दोघींवर सारखा पडतच नाही, अगदी एकाच डब्यातून रंगवल्या तरी एक थोडी गडद दिसते. आपल्या डोळ्याला हे सवयीचं असतं, तो ते सावलीच्या खात्यात टाकतो आणि बारीकसा फरक कोपऱ्यात सहज लपून जातो. तोच फरक सपाट भिंतीच्या मधोमध आला की लपायला जागाच नसते. हॉलमध्ये खांब किंवा बीम असेल, दाराची चौकट वर छतापर्यंत जात असेल, तर तिथेही थांबता येतं. पॅचच्या पुट्टीवर प्रायमर राहिला असेल तर आता मारून घ्या, आणि सध्याचा चमकणारा भाग बारीक पॉलिश पेपरने हलका घासून चमक मोडा, कडेला पायरी जाणवत असेल तर ती पण तेव्हाच सपाट होईल. एकापेक्षा जास्त डबे लागणार असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळा आणि मगच सुरू करा, एकाच ब्रँडच्या एकाच शेडच्या दोन बॅचमध्ये पण फरक पडू शकतो. पाणी सगळ्याला एकाच मापाने. कोटाच्या मध्ये भिंत अर्धी सोडून जेवायला जायचं नाही हे पेंटरला आधीच सांगा, वाळलेल्या कडेवर ओला रंग चढला की तिथे पट्टा उमटतो.

दोन-तीन बोर्ड करूनही दिव्याखाली जुळत नसेल तर हट्ट सोडा, आणि ती एक भिंत मुद्दाम वेगळ्या रंगाची करा. दोन-तीन शेड गडद, त्याच कुटुंबातली, किंवा सरळ दुसरा रंग. डोळा मोठा फरक आवडीने स्वीकारतो, त्याला खुपतो तो जवळजवळ-सारखा-पण-नाही असा फरक, तुम्हाला सध्या जो रोज खुपतोय तोच. आणि सगळं होईपर्यंत सध्याचा त्रास कमी करायचा असेल तर हॉलचे पिवळे एलईडी काढून ४००० केल्विनचे, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९० च्या वरचे लावून बघा, उजेड दिवसाच्या जवळ गेला की गुलाबी झाक उतरायला हवी. चमक मात्र त्याने जाणार नाही.

यावेळी झालेला फॉर्म्युला लिहून ठेवा बरं का. ब्रँड, प्रॉडक्ट, बेस, फिनिश, स्टेनरचे आकडे, बॅच नंबर, तारीख, आणि लेबलचा फोटो पण, कारण लेबलची शाई उडते. पास झालेला बोर्ड फेकू नका, कपाटात कागदात गुंडाळून ठेवा, पुढच्या वेळी भिंत खरवडावी लागणार नाही. आणि कधी पूर्ण नवीन रंग निवडायची वेळ आली तर राल किंवा एनसीएस अशा ब्रँडनिरपेक्ष कोडमधून निवडता आला तर बघा. राल जर्मनीत १९२७ मध्ये ४० रंगांपासून सुरू झालं, एनसीएस स्वीडनचं आहे आणि त्याचा कोडच रंगाचं वर्णन करतो, उदाहरणार्थ एस २००५-जी५०वाय म्हणजे काळेपणा २० टक्के, रंगाचा जोर फक्त ५ टक्के, आणि रंग हिरव्या-पिवळ्याच्या बरोबर मधला, तुमच्या भिंतीसारखाच काहीतरी. असा कोड असला की प्रत्येक ब्रँड एकाच ठरलेल्या नमुन्याला जुळवायला बघतो. मेटामेरिझम त्यानेही टळत नाही, बोर्ड करावाच लागतो, पण सुरुवात एका जागेवरून होते.

राहिला तो चार लिटरचा डबा. दुकानात परत करायला जाऊ नका, टिंट केलेला रंग सहसा परत घेत नाहीत आणि त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. तो त्याच भिंतीला पहिला कोट म्हणून वापरा. रंग जवळचाच आहे, पॅच आणि जुनी भिंत यातला फरक तो झाकून टाकेल आणि वरचे दोन कोट एकसारख्या पायावर बसतील. फक्त चमकणारा आहे म्हणून वाळल्यावर अख्ख्या भिंतीवर बारीक पॉलिश पेपर फिरवा, धूळ ओल्या कापडाने पुसून घ्या, आणि मग नवीन मॅट सुरू करा.